खालची पानं आणि मधला गाभा: रोझेट सक्युलेंट घरी वाढवताना

घरात पहिलं रोझेट सक्युलेंट, म्हणजे जाड पानांत पाणी साठवणारं फुलासारखं रोप, आलं त्या संध्याकाळी मी त्याची धूळ पुसली. पानांवर पांढुरकी पूड होती. बरेच दिवस एका जागी पडून राहिल्यामुळे बसली असेल, असं समजून ओल्या फडक्याने एकेक पान निगुतीने पुसून काढलं. राखाडी-निळसर रोप हिरवं, तुकतुकीत दिसायला लागलं आणि मी खूश झाले. आठवड्याभराने उन्हाच्या बाजूच्या पानांवर तपकिरी डाग उमटले, तेव्हा कुठे चौकशी केली. ती धूळ नव्हतीच. ते रोपाने स्वतः तयार केलेलं मेण होतं. कडक ऊन परतवायला आणि पानावर पाणी साचू न द्यायला रोप ते अंगावर चढवतं. एखाद्या पूर्ण वाढलेल्या पानावरून ते पुसलं गेलं की त्या पानावर पुन्हा नीट चढत नाही. माझ्या बोटांचे ठसे त्या रोपावर वर्षभर होते. ती पानं वाळून गळाली तेव्हाच गेले.

तेव्हापासून या झाडांना हात लावण्याआधी मी बघत बसते. रोझेट म्हणजे पानांची फुलासारखी मांडणी: मध्ये कोवळा गाभा, त्याभोवती पानांचे फेर, सगळ्यांत जुनी पानं सगळ्यांत खाली. नवं पान नेहमी मध्येच उगवतं. त्यामुळे रोपाचं वर्तमान गाभ्यात असतं आणि साठवण बाहेरच्या फेरांत. पाण्याचं काही बिनसलं तर ते आधी खालच्या पानांत दिसतं, उजेडाचं बिनसलं तर गाभ्यात. ही दोन ठिकाणं वाचता आली की वेळापत्रक भिंतीवर लावावं लागत नाही.

आधी रोपाचं माहेर विचारा

सक्युलेंट या एका नावाखाली जी रोपं एका ट्रेमध्ये शेजारी शेजारी बसलेली असतात, ती वेगवेगळ्या मुलखांतून आलेली असतात. मुलूख कळला की निम्म्या प्रश्नांची उत्तरं आपसूक मिळतात.

गुलाबासारखी दिसणारी जाडसर, गुळगुळीत पानांची बहुतेक रोपं एचेव्हेरिया असतात. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ द कांदोल यांनी १८२८ मध्ये अतानासिओ एचेव्हेरिया या मेक्सिकन वनस्पतिचित्रकारावरून हे नाव ठेवलं. तिच्या बहुतेक जाती मेक्सिकोतल्या डोंगराळ, खडकाळ भागातल्या. दिवसा लख्ख ऊन, रात्री गारवा, आणि पाऊस पडला तरी खडकाच्या फटींतून लगेच निघून जाणारं पाणी. घरी तिला हेच हवं असतं, आणि बंद खोलीत नेमकं हेच मिळत नाही.

ग्राप्टोपेटलम तिचीच जवळची नातेवाईक. त्यातलं सर्वांत जास्त दिसणारं रोप ग्राप्टोपेटलम पॅराग्वेएन्सी. नावात पॅराग्वे असलं तरी ते मूळचं मेक्सिकोचं. नाव देताना झालेली चूक तशीच चिकटून राहिली. या दोघांच्या संकरातून ग्राप्टोव्हेरिया झाली, आणि नवशिक्यासाठी मला तीच सगळ्यांत सोशिक वाटते.

सेम्परव्हायव्हम दिसायला एचेव्हेरियासारखंच, पण युरोपातल्या डोंगरांवरचं. पानं पातळ, टोकदार आणि कडेला बारीक लव असते. ते बर्फाखाली राहून जिवंत निघतं, आणि उष्ण, दमट खोलीत मात्र काही आठवड्यांत कुजतं. नावाचा अर्थ ‘सदा जिवंत’ आहे, हे त्या वेळी आठवून फायदा नसतो.

इओनियमच्या बहुतेक जाती कॅनरी बेटांवरच्या. ते थंड दिवसांत वाढतं आणि कडक उन्हाळ्यात झोपी जातं. झोपताना खालची पानं टाकतं, रोझेट मिटून घेतं. हे पाहून लोक घाबरतात आणि भरपूर पाणी घालतात. झोपलेल्या मुळांना ते नको असतं, आणि रोप बुडतं.

हावोर्थिया या सगळ्यांहून निराळी, वेगळ्याच कुळातली, मुख्यतः दक्षिण आफ्रिकेतली. ती झुडपांच्या आणि दगडांच्या आडोशाला वाढते, म्हणून कमी उजेड चालवून घेते. काही मऊ पानांच्या जातींची टोकं काचेसारखी पारदर्शक असतात. रानात ही रोपं टोकापर्यंत मातीत रुतलेली असतात आणि त्या खिडक्यांमधून उजेड पानाच्या आत उतरतो. घरात थेट ऊन येत नसेल, तर एचेव्हेरियाचा नाद सोडून सरळ हावोर्थिया घ्यावी. हा सल्ला कुणाला आवडत नाही, कारण एचेव्हेरिया जास्त देखणी असते.

या सगळ्यांचं रात्रीचं कामकाज मात्र सारखं आहे. इतर झाडं दिवसा पानांवरची सूक्ष्म छिद्रं उघडून हवा आत घेतात, त्या वेळी त्यांचं पाणीही उडून जातं. ही रोपं छिद्रं दिवसा मिटतात आणि गारव्यात, रात्री उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवून दिवसा उजेडात वापरतात. पाणी इतकं कमी खर्च होतं की आपण रोज घातलेलं पाणी पिणारं कुणी नसतं. ते मातीतच बसून राहतं.

घेताना काय पाहायचं

गाभा घट्ट आणि डागविरहित हवा. पानांच्या बेचक्यांत कापसासारखं पांढरं काही दिसलं तर रोप कितीही छान असलं तरी ठेवून द्या. बुडाशी देठ बोटाने हलकेच दाबून पाहा. टणक असेल तर ठीक, मऊ लागला तर आतून कुजायला लागलाय. झगझगीत निळी, जांभळी किंवा सोनेरी रोपं रंगवलेली असतात. रंगाखाली पानाला उजेड मिळत नाही. वर खडे गोंदाने चिकटवलेले असतील तर घरी आणून ते आधी फोडून काढा, नाहीतर पाणी कुठे जातं ते कधीच कळणार नाही.

आणल्यावर रोप आठ-दहा दिवस बाकीच्यांपासून लांब ठेवा. कीड असेल तर तेवढ्यात दिसते.

कुंडी, माती आणि स्पंजाचा प्रयोग

कुंडीला बुडाशी भोक हवंच. यात तडजोड नाही. सुंदर कपात किंवा काचेच्या गोळ्यात लावलेली रोपं छायाचित्रासाठी ठीक आहेत. त्यांचं पुढे काय झालं ते कुणी दाखवत नाही. कुंडीचं तोंड रोझेटच्या रुंदीपेक्षा दीड-दोन सेंटिमीटर मोठं असलं की पुरे. मोठ्या कुंडीत मुळं पोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते. भाजलेल्या मातीची कुंडी कडेनेही सुकते, म्हणून हात सैल असणाऱ्यांसाठी ती बरी. प्लास्टिकही चालतं, पण पाणी आणखी उशिरा घालायचं.

भोकावर खड्यांचा थर द्या म्हणजे पाणी निचरतं, हे जवळपास प्रत्येकजण सांगतो. ते खरं नाही, आणि घरीच तपासता येतं. भांडी घासायचा जाड स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा. ठिबकणं पूर्ण थांबू द्या. आता तोच स्पंज लांबीत उभा करा, आणखी पाणी ठिबकायला लागेल. मातीचंही असंच आहे. बुडाशी ठरावीक उंचीपर्यंत पाणी अडून राहतं, मग कुंडी उंच असो की बुटकी. खाली खडे घातले तर पाणी बारीक मातीतून त्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही. ओलसर पट्टा फक्त वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ. म्हणून बारीक माती भरलेली उथळ, पसरट बशी ही सर्वांत धोक्याची. भोकावर जाळीचा किंवा फुटक्या कुंडीचा एक तुकडा ठेवा, माती गळू नये एवढ्यापुरता. निचरा होतो तो मातीच्या पोतामुळे.

माझं मिश्रण असं: एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा साधं पॉटिंग मिक्स (कुंडीसाठी तयार मिळणारी माती), दोन भाग भरड. भरड म्हणजे परलाईट (हलके पांढरे खडे), प्युमिस (सच्छिद्र ज्वालामुखी दगड), विटांचे बारीक तुकडे किंवा जाड वाळू, दाणा साधारण ३ ते ६ मिलिमीटरचा. विटांचे तुकडे आधी चाळून घ्या, त्यातली भुकटी मातीला चिखल बनवते. बांधकामाची बारीक वाळू चालत नाही, दाणे एकमेकांत बसून घट्ट होतात. समुद्राची वाळू खारट असते, तीही नको. हवा दमट असेल तर भरड तीन भाग करा, फार कोरडी आणि गरम असेल तर निम्मी-निम्मी पुरते. मिश्रण ओलं करून मुठीत दाबा आणि मूठ उघडा. लाडू वळला गेला तर भरड वाढवायची, भुसभुशीत होऊन पडलं तर जमलं.

लावणीच्या दिवशी माती कोरडी असू द्या आणि रोपालाही दोन-चार दिवस पाणी नको. रोप बुडाशी धरून काढायचं, पानांना हात न लावता. विकत आणलेल्या रोपाच्या मुळांभोवती बहुतेक वेळा तपकिरी, स्पंजासारखा गठ्ठा असतो. पूर्ण सुकला की तो पाणी आत घेत नाही, भिजला की सोडत नाही, म्हणून बोटांनी किंवा काडीने जमेल तेवढा मोकळा करा. काळी, बोळ्यासारखी निघून येणारी मुळं कापून टाका. पांढरी किंवा तपकिरी पण टणक मुळं राहू द्या. मग कुंडीत रोप असं धरा की सर्वांत खालची पानं मातीच्या वर राहतील, आणि चारही बाजूंनी मिश्रण सोडून कुंडी टेबलावर दोन-तीनदा आपटा. वरून खड्यांचा पातळ थर द्यायला हरकत नाही. इथे तो उपयोगाचा आहे, खालची पानं ओल्या मातीला टेकत नाहीत. आणि आता पाणी घालायचं नाही. तुटलेल्या मुळांच्या जखमा भरायला चार-पाच दिवस द्या, तोवर रोप थेट उन्हापासून लांब, पण उजेडात ठेवा.

गाभा उजेडाबद्दल काय सांगतो

खोलीत आपल्या डोळ्यांना जे लख्ख वाटतं, ते रोपाच्या दृष्टीने बऱ्याचदा संध्याकाळ असते. खिडकीपासून मीटरभर आत आलं की उजेड झपाट्याने घटतो, आपले डोळे मात्र सांभाळून घेतात. एचेव्हेरिया आणि तिच्या संकरांना रोज चार ते सहा तास थेट ऊन हवं, शक्यतो सकाळचं.

उजेड कमी पडतोय हे रोप तीन टप्प्यांत सांगतं. आधी बाहेरची पानं छत्रीसारखी खाली वळतात, म्हणजे रोप अंग पसरून जास्त उजेड गोळा करायला बघतं. मग गाभा सैल होतो, नवी पानं फिकट आणि लांबट निघतात. शेवटी दोन पानांच्या मधला देठ दिसायला लागतो आणि फुलासारखं रोप हळूहळू शिडीसारखं होतं. पहिल्या टप्प्यात खिडकीजवळ सरकवलं तर सगळं सावरतं. तिसऱ्या टप्प्यानंतर कितीही ऊन दिलं तरी लांबलेला देठ आखडत नाही. त्यावर छाटणी हा एकच उपाय, ती पुढे सांगते.

ऊन जास्त झालं तर गाभा मिटून मुठीसारखा होतो, आणि उन्हाच्या बाजूच्या पानांवर फिकट किंवा तपकिरी, कोरडे चट्टे पडतात. हे चट्टे भाजल्याचे असतात. पसरत नाहीत, पण जातही नाहीत. बहुतेकदा हे रोप घरातून एकदम उन्हात नेल्याने होतं. पहिल्या दिवशी सकाळचं तासभर, मग दर दोन दिवसांनी थोडं वाढवत, दहा-चौदा दिवसांत पूर्ण ऊन द्या. ढगाळ आठवड्यानंतर अचानक कडक ऊन पडलं तरी हाच धोका असतो, तेव्हा दुपारपुरता पातळ पडदा ओढून घ्या.

पानांच्या कडा लाल, गुलाबी होतात तो आजार नाही. भरपूर ऊन आणि गार रात्री मिळाल्या की पानांत अँथोसायनिन हे रंगद्रव्य साठतं. घरात आणल्यावर काही आठवड्यांत तीच पानं हिरवी होतात आणि लोकांना फसवणूक झाल्यासारखं वाटतं. रोप मात्र ठणठणीत असतं.

कुंडी दर आठवड्याला पाव वळसा फिरवा. एका पानानंतर पुढचं पान साधारण १३७.५ अंश सोडून उगवतं, म्हणूनच वरचं पान खालच्याच्या डोक्यावर नेमकं येत नाही आणि प्रत्येकाला उजेड मिळतो. उजेड एकाच बाजूने आला तर ही सगळी मांडणी तिकडे कलते.

खिडकीच नसेल तर वाढीचा दिवा लागतो. पांढऱ्या प्रकाशाचा एलईडी, रोपापासून १५ ते ३० सेंटिमीटरवर, रोज १२ ते १४ तास. रात्री मात्र बंद करा, या रोपांची हवा घेण्याची वेळ तीच आहे. नीट बसलाय की नाही ते पुन्हा गाभ्यालाच विचारायचं: सैल झाला तर दिवा खाली घ्या, मिटला तर वर.

खालची पानं पाण्याबद्दल काय सांगतात

‘किती दिवसांनी पाणी घालायचं?’ हा मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि त्याला आकड्यात उत्तर नाही. एकाच घरातल्या दोन खिडक्यांतल्या कुंड्यांना वेगळी उत्तरं असतात. माझ्याकडे तेच रोप गरम, कोरड्या दिवसांत आठवड्याने पाणी मागतं आणि थंड, ढगाळ दिवसांत महिनाभर मागत नाही.

मागतंय हे कसं ओळखायचं? बाहेरून दुसऱ्या-तिसऱ्या फेरातलं एक पान दोन बोटांत धरून अगदी हलकं दाबा. पूड असलेल्या जातीत पानाच्या खालच्या बाजूला बोट लावा, ठसा दिसत नाही. पान टणक असेल तर थांबा. किंचित लवचीक, थोडं सुरकुतलेलं लागलं तर पुढची तपासणी: लाकडी काडी कुंडीच्या बुडापर्यंत खुपसून पाच मिनिटांनी काढा. काडी कोरडी, स्वच्छ आली तर पाणी घाला. ओलसर आली किंवा माती चिकटली तर अजून नाही.

सवय होईपर्यंत तराजू वापरून पाहा. माझी एक दहा सेंटिमीटरची कुंडी पाणी घालून निथळल्यावर ४१० ग्रॅम भरते आणि पूर्ण कोरडी असताना २९०. पहिले दोन महिने मी आकडे कुंडीच्या बुडाला चिकटपट्टीवर लिहून ठेवले होते. मग हातालाच कळायला लागलं.

घालायचं तेव्हा मात्र भरपूर घालायचं. बारीक तोंडाच्या झारीने मातीवर, रोझेटच्या कडेने फिरवत, भोकातून पाणी वाहायला लागेपर्यंत. दोन मिनिटं थांबून पुन्हा एकदा. खालच्या ताटलीत साचलेलं पाणी ओतून द्या. चमचाभर-चमचाभर रोज पाणी देणं हा सर्वांत वाईट प्रकार: वरची माती सतत ओली, खालची मुळं कायम तहानलेली. स्प्रेने पानांवर पाणी उडवणंही तसंच. गाभ्यात थेंब अडकला तर फुंकर मारून किंवा कागदाचं टोक लावून काढून टाका. सकाळी पाणी घातलं की अंगावरचं पाणी दिवसात सुकून जातं.

आता खालची पानं. सर्वांत खालचं एखाद-दुसरं पान कागदासारखं वाळतं, तेव्हा काहीही बिघडलेलं नसतं. रोपाने त्यातलं पाणी आणि सत्त्व वर नेलं, आता ते पान रिकामं. पूर्ण वाळलं की बाजूला ओढून काढा, कारण त्याखाली कीड लपते. दोन-तीन फेर एकदम सुरकुतले, पण रंग तोच आणि पान आरपार दिसत नाही, तर ती तहान. पाणी घातल्यावर दोन-तीन दिवसांत पानं पुन्हा भरतात. आणि खालची पानं पिवळट, काचेसारखी, पाण्याने टरटरलेली होऊन नुसत्या स्पर्शाने गळायला लागली, तर पाणी जास्त झालं. त्याच दिवशी रोप कुंडीतून काढा आणि मुळं उघडी करून सावलीत सुकू द्या.

चौथी अवस्था लोकांना सर्वांत जास्त चकवते. पानं सुरकुतलेली, पण माती ओली. दिसते तहान, म्हणून पाणी घातलं जातं. प्रत्यक्षात मुळं कुजून गेलेली असतात आणि ओल्या मातीत बसून रोप तहानेने मरत असतं. म्हणून सुरकुती दिसली तरी काडी खुपसल्याशिवाय झारी उचलायची नाही. अशा रोपाचं वरचं डोकं बहुतेक वेळा वाचवता येतं.

थंडी, पाऊस, खत

एचेव्हेरियाला रात्रीचं तापमान ५ अंश सेल्सियसच्या खाली जायला लागलं की आत घ्या. पाण्याने भरलेली पानं गोठली की आतल्या पेशी फुटतात आणि वितळल्यावर पान मेणासारखं लोळतं. सेम्परव्हायव्हमला मात्र थंडीत बाहेरच राहू द्या. लांबलेल्या पावसात सगळ्यांनाच वरून आडोसा हवा आणि भोवती वारा हवा. माती ओली आणि हवा कोंडलेली, ही जोडी एकट्या पाण्यापेक्षा घातक असते. पंखा लावला तरी फरक पडतो.

खत वाढीच्या दिवसांत महिन्या-दीड महिन्यातून एकदा, कमी नत्राचं, पाकिटावर लिहिलंय त्याच्या पाव ते निम्म्या प्रमाणात. झोपलेल्या रोपाला अजिबात नाही. नत्र जास्त झालं की पानं गुबगुबीत, पोकळ आणि किडीला आवडतील अशी होतात.

डोकं उडवणं आणि पानांपासून रोपं

छाटणीला लोक घाबरतात. खरं तर लांबलेल्या किंवा बुडाशी कुजलेल्या रोपासाठी याइतका खात्रीचा उपाय नाही.

कटरचं पातं स्पिरिटने पुसा. रोझेटच्या खालची काही पानं काढून देठ दोन-तीन सेंटिमीटर मोकळा करा आणि एका फटक्यात आडवा कापा. आता कापलेला भाग नीट पाहा. तो सगळीकडे सारखा, फिकट हिरवा किंवा पांढरा हवा. मध्ये तपकिरी ठिपका किंवा कडेने काळं वर्तुळ असेल तर कुज तिथवर चढलेली आहे. पातं पुन्हा पुसून आणखी वर कापा, स्वच्छ चकती दिसेपर्यंत. हे डोकं रिकाम्या ग्लासच्या तोंडावर टेकवून ठेवा, देठ ग्लासच्या आत हवेत, पाणी नाही. जखम सुकून कोरडी खपली धरायला चार ते सात दिवस लागतात. मग ते कोरड्या मातीवर बसवा. दोन ते चार आठवड्यांत मुळं येतात. हलकेच वर ओढून पाहिल्यावर धरून ठेवल्यासारखं वाटलं की पहिलं पाणी.

निरोगी खुंट फेकू नका. त्यावर दोन-चार पानं राहू द्या आणि अधूनमधून पाणी द्या. काही आठवड्यांत पानांच्या बेचक्यांतून एकाऐवजी तीन-चार पिल्लं डोकावतात.

उरलेली पानं ही पुढची रोपं. पान वर-खाली ओढायचं नाही, देठाला धरून डावी-उजवीकडे हलवत राहायचं. नीट निघालं तर बारीक ‘टक’ असं जाणवतं आणि पानाच्या बुडाशी छोटी, गुळगुळीत चंद्रकोर दिसते. कोंब तिथूनच फुटतो. चंद्रकोर देठावरच राहिली आणि पान मधूनच तुटलं तर ते पान गेलं. पानं दोन-तीन दिवस सुकवा आणि मिश्रणावर नुसती ठेवा, पुरायची नाहीत. थेट ऊन नको, उजेड हवा. दोन ते चार आठवड्यांत गुलाबी, धाग्यासारखी मुळं येतात, कधी आधी कोंब येतो. त्या मुळांवर चिमूटभर माती भुरभुरवा आणि माती सुकली की हलका फवारा द्या. पानांवर स्प्रे चालतो तो फक्त इथे. आईपान सुरकुतत जातं आणि पिल्लू भरत जातं. पूर्ण वाळेपर्यंत ते ओढून काढू नका, पिल्लाचं अन्न त्यातच आहे. नाण्याएवढं रोप व्हायला काही महिने जातात, आणि दहांतली तीन-चार पानं काहीच न करता वाळून जातात. ग्राप्टोपेटलमची जवळपास सगळी जगतात. सेम्परव्हायव्हम आणि इओनियमच्या पानांवर वेळ घालवू नका, ती सहसा फुटत नाहीत. सेम्परव्हायव्हमची पिल्लं आणि इओनियमची फांदी लावायची.

पिठ्या ढेकूण

या रोपांचा खरा शत्रू हाच. पानांच्या बेचक्यांत आणि गाभ्यात कापसाचे बारीक पुंजके दिसतात, नवी पानं वाकडीतिकडी निघतात, पान चिकट लागतं. मुंग्यांची ये-जा वाढली असेल तर आधी गाभाच तपासा, हे किडे सोडतात त्या गोड चिकट रसासाठी त्या येतात.

रोप वेगळं करा. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापूस लावलेली काडी बुडवून प्रत्येक पुंजक्याला टेकवा, किडा रंग बदलतो आणि मरतो. गाभ्यातल्यांसाठी बारीक ब्रश घ्या. हे संध्याकाळी करायचं आणि दुसऱ्या दिवशी रोप सावलीत ठेवायचं, नाहीतर पानं भाजतात. दर चार-पाच दिवसांनी, निदान तीन-चार वेळा. एकदा केलं की थांबणारे बरेच असतात, आणि अंड्यांतून निघालेली पुढची पिढी त्यांची वाट बघत असते. कडुनिंबाचं तेल चालतं, पण ते पानावरचं मेण उतरवतं, म्हणून पुडीच्या जातींवर मी वापरत नाही. वर काहीच दिसत नाही आणि तरी रोप वाढत नसेल, तर कुंडीतून काढून पाहा. मुळांवरही यांचा एक प्रकार राहतो, मातीच्या आतल्या बाजूला पांढरी पूड दिसते. ती माती टाकून द्या, मुळं धुवा, सुकवा, नव्या मातीत लावा.

जाता जाता: घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर एचेव्हेरिया, हावोर्थिया आणि सेम्परव्हायव्हम यांची भीती नाही. कोरफड मात्र त्यांच्या पोटाला बाधते, ती उंचावर ठेवा.

दांडा आला तर

रोझेटमधून फुलांचा दांडा निघाला की आधी तो कुठून निघालाय ते बघा. एचेव्हेरियात तो पानांच्या बेचक्यातून, बाजूने येतो. फुलं सुकतात आणि रोप पुढे वाढत राहतं. सेम्परव्हायव्हममध्ये गाभाच उंच होऊन दांडा बनतो, आणि फुलल्यावर ते रोझेट मरतं. इओनियममध्येही फुललेलं डोकं जातं. हे थांबवता येत नाही, दांडा कापूनही. सेम्परव्हायव्हमभोवती जमलेली पिल्लं पुढची जागा घेतात.

एचेव्हेरियाच्या दांड्यावर मावा हटकून येतो. फुलं पाहून झाली, रोप दमल्यासारखं वाटलं, तर दांडा कापायला हरकत नाही. कापल्यावर तो लगेच कचऱ्यात टाकू नका. त्यावर जी बारकी, जाडसर पानं असतात ती तशीच डावी-उजवीकडे हलवून काढा आणि ट्रेमध्ये ठेवा. मोठ्या पानांच्या ज्या जातींची मुख्य पानं महिनोन्महिने नुसती पडून राहतात, त्यांच्यात कोंब बऱ्याचदा या चिमुकल्या पानांनाच फुटतो.